रस गाळावा की सगळंच घोटावं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रस आणि स्मूदी सुरू करण्याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातून आलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. रक्तदाब, थायरॉईड, किडनी किंवा रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील त्यांनी औषधांचं उत्तर आधी वाचावं, पाककृती नंतर.

घरात साडेसातशे वॉटचा मिक्सर आहे. रोज एक पेला रस घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी ज्यूसर घ्यावा का? जो तो कोल्ड प्रेसच घ्या म्हणतो.
— गृहिणी, खानापूर

आत्ता काहीही विकत घेऊ नका. आहे त्या मिक्सरवर महिनाभर स्मूदी करून बघा. रोज करणं जमतंय, घरचे पितायत असं दिसलं की मग यंत्राचा विचार करा.

ज्यूसर फळातलं पाणी, साखर आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पेल्यात सोडतो आणि चोथा बाजूला काढतो. फळातले बहुतेक तंतू त्या चोथ्यात जातात. स्मूदीत फळ सगळंच घोटलं जातं, म्हणून तंतू पोटात जातात, पेला सावकाश संपतो आणि भूकही लवकर लागत नाही. २०० मिलि मोसंबीच्या रसाला तीन मोसंबी लागतात. तो रस दोन मिनिटांत पिऊन होतो. तीच तीन मोसंबी सोलून खायला बसलात तर दुसरीतच पुरे वाटतं. सुरुवात स्मूदीने करा असं आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

कोल्ड प्रेस यंत्र मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे घेत फळ पिळतं. फेस कमी येतो आणि पालेभाजीचा रस नीट निघतो, एवढा फायदा खरा. पण ताजा रस लगेच प्यायचा असेल तर पोषणात मोठा फरक पडत नाही. शिवाय जाळी, स्क्रू, भांडं, गाळणी सगळं रोज त्याच वेळी घासावं लागतं. जाळीत चोथा वाळला की ब्रशनेही निघत नाही, आणि मग यंत्र माळ्यावर जातं.

पहिल्या आठवड्यासाठी एकच कृती धरा. एक लहान जवारी केळं (सोलून ७०-८० ग्रॅम), अर्धी वाटी घट्ट दही, मूठभर धुतलेला कोवळा पालक, एक मोठा चमचा भाजक्या शेंगदाण्याचं कूट, अर्धी वाटी पाणी. साखर, मध, गूळ काही नको, केळ्याची गोडी पुरते. पालकाची चव लागत नाही, रंग मात्र हिरवा येतो. लहान मुलं रंगाला नाक मुरडत असतील तर त्यांच्या पेल्यात पालकाऐवजी किसलेलं गाजर घाला. हा पेला नाश्त्यातलाच भाग धरायचा. पोटभर पोहे किंवा उप्पीट खाऊन वर हा प्यायलात तर तब्येत सुधारण्याऐवजी वजन वाढेल.

स्मूदीत गाठी राहतात. कधी पातं फिरतं पण वरचं काही हलतच नाही. परवा तर मिक्सर बंदच पडला. भांड्याखालून काळपट पाणीही येतं.
— वाचक, अनगोळ, बेळगाव

या चार तक्रारी आहेत आणि चौघींची कारणं निराळी आहेत.

गाठी राहतात त्या भरण्याच्या क्रमामुळे. भांड्यात तळाला आधी पातळ पदार्थ (पाणी, ताक, दही) जायला हवा, त्यावर मऊ फळ, त्यावर पालेभाजी, आणि गाजर-बीटसारखं कडक काही असेल तर ते सगळ्यात वर, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून. पालेभाजी असेल तर दोन टप्पे करा. आधी फक्त पाला आणि पाणी ३० सेकंद फिरवा, पान दिसेनासं झालं की मग बाकीचं घाला. सगळं एकदम टाकलं की पाल्याचे धागे पात्याला गुंडाळतात आणि पेल्यात दातात अडकणारे तुकडे येतात.

पातं फिरतं पण वरचं हलत नाही, याचा अर्थ पात्याभोवती हवेचा पोकळा तयार झालाय. मिश्रण घट्ट आहे. मिक्सर बंद करा, भांडं उतरवून हलवा, दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला आणि बटण उलट्या बाजूला थोडं थोडं फिरवून तीन-चार झटके द्या. मग एक नंबरवर, मग तीनवर. सुरुवातीलाच तीनवर लावलं की पोकळा हमखास होतो. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

बंद पडलेला मिक्सर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. जास्त भार आला की मोटर जळू नये म्हणून आतलं बटण सुटतं. वायर काढा, भांडं उतरवा, मिक्सर उलटा करा. बुडाला लहान लाल किंवा काळं बटण दिसेल. दहा मिनिटं गार होऊ द्या आणि ते दाबा. लगेच दाबलं तर बसत नाही. हे वारंवार होत असेल तर तुम्ही फ्रीझरमधलं दगडासारखं फळ घालताय किंवा सलग खूप वेळ फिरवताय. स्मूदीला एकूण दीड ते दोन मिनिटं पुरतात, तीही मध्ये थांबून.

काळपट पाणी मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. भांड्याच्या बुडातून पात्याचा दांडा जातो तिथलं बुश आणि सील झिजलं की रस खाली गळतो आणि दांड्यातलं काळं वंगण वर मिश्रणातही येतं. ते भांडं वापरणं थांबवा. मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बुश-सील बदलून मिळतं, नवं भांडं घ्यावं लागत नाही. झाकणाकडून गळत असेल तर फक्त रबराची रिंग बदला.

वडिलांना मधुमेह आहे. आमच्याकडे उसाचा रस घरचाच. बिनसाखरेचा ताजा फळांचा रस चालेल ना? आणि उसाचा थोडा?
— वाचक, चिक्कोडी तालुका

उसाचा रस नको. ‘थोडा’ म्हणूनही नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये उसाच्या १०० मिलि रसात १३ ते १५ ग्रॅम साखर धरली आहे. रसवंतीतला २५० मिलिचा पेला म्हणजे सात-आठ छोटे चमचे साखर झाली. रस शुद्ध असला, बर्फ न घालता काढला, आलं-लिंबू पिळलं, तरी साखर तेवढीच राहते.

फळांच्या रसात वरून साखर घातली नाही म्हणून तो बिनसाखरेचा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या सूचनांमध्ये रसातली साखर डब्यातल्या साखरेच्याच गटात मोजली आहे, कारण तंतू काढून टाकल्यावर ती रक्तात झटकन उतरते. अख्ख्या फळातली साखर त्यांनी या गटात धरलेली नाही.

मग वडिलांना काय द्यायचं? घोटलेलं, न गाळलेलं, आणि भाजीकडे झुकलेलं. एक मध्यम जवारी काकडी, अर्धी मूठ पुदिना-कोथिंबीर, अर्धं लहान सफरचंद किंवा अर्धा पेरू (बिया काढून), एक वाटी ताक, चिमूटभर जिरेपूड. गोडीला केळं, चिकू, आंबा, खजूर नको. डाळं, तेच चिवड्यात घालतो ते, एक मोठा चमचा घातलं तर पोटाला आधार राहतो. पहिल्या दोन-तीन वेळा प्यायल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. त्यांच्या शरीराला काय मानवतं हे त्यावरूनच कळेल.

एकच वेळ अशी आहे की तेव्हा मधुमेह्याला गाळलेला रसच द्यायचा. इन्सुलिन किंवा गोळीमुळे साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरले तर साधारण १५० मिलि गोड फळांचा रस किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी स्मूदी देऊ नका, तिचा परिणाम उशिरा होतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस घेतो. कधीकधी कडू लागतो. कडू तेवढा गुणाचा म्हणतात, खरं का?
— वाचक, हुक्केरी

नाही. कडू दुधीचा रस विषारी असतो. त्यात कुकुरबिटासिन नावाचे घटक वाढलेले असतात आणि त्याने काही माणसं दगावलेली आहेत. या प्रकारांचा अभ्यास करायला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात कडू दुधीचा रस पिऊच नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

दुधी बाहेरून बघून ओळखता येत नाही. रंग, आकार, ताजेपणा सगळं चांगलं असूनही आतून कडू निघतो. म्हणून किसण्याआधी देठाकडचा एक आणि टोकाकडचा एक लहान तुकडा कापून जिभेच्या टोकाला लावा. जरा जरी कडवट लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. तो शिजवून भाजीतही घालू नका. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. कारलं किंवा आवळ्यात मिसळला की कडवटपणा कशाचा ते कळत नाही आणि धोक्याची एकमेव खूण हरवते.

पेला प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात पिळवटणं, अस्वस्थपणा यातलं काहीही झालं तर ‘जरा बघू’ म्हणून थांबू नका. यावर उतारा असं औषध नाही, सलाईन आणि देखरेखीसाठी लगेच रुग्णालयात जावं लागतं. जाताना काय प्यायलं ते डॉक्टरांना सांगा. खरं तर दुधी रस काढून पिण्याची गरजच नाही. डाळ घालून भाजी करा, थालीपिठात किसून घाला.

हिमोग्लोबिन ९ आलंय. बिटाचा रस रोज घेतेय, दोन महिने झाले, काही वाढलं नाही.
— वाचक, निपाणी

बिटाचा रंग रक्तासारखा आहे, त्यातून हा समज रुजला. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असतं. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. तुमचा पेला वाईट नाही, पण त्याने हा आकडा हलणार नाही. ९ हिमोग्लोबिन म्हणजे मध्यम ॲनिमिया. यासाठी लोहाची गोळी लागते, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळते. शिवाय रक्त कशाने कमी होतंय (पाळीत जास्त जाणं, जंत, मूळव्याध) हेही डॉक्टरांकडून शोधून घ्यायला हवं.

रसाचा उपयोग गोळीला मदत म्हणून करा. क जीवनसत्त्वासोबत लोह जास्त शोषलं जातं. एक आवळा बी काढून, अर्धा पेला पाण्यात फिरवून, गाळून, त्याच्यासोबत गोळी घ्या. आवळा नसेल तेव्हा अर्धं लिंबू पाण्यात पिळा. चहा, कॉफी, दूध किंवा दही घातलेली स्मूदी मात्र गोळीच्या आधी-नंतर एक-दोन तास नको, त्यांनी लोह अडतं. बीट चालू ठेवलंत तर लघवी-शौच लालसर दिसू शकते, त्याने घाबरू नका.

कोणत्या औषधांबरोबर कोणते रस टाळायचे? यादी द्या. (बऱ्याच जणांचा प्रश्न)

संपूर्ण यादी तुमच्या चिठ्ठीवरची औषधं बघून डॉक्टरच देतील. आपल्याकडे वारंवार अडचण येते ती एवढ्या ठिकाणी.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि स्मूदी निदान अर्ध्या-एक तासाने. दूध, दही, नाचणी लगेच पोटात गेली की गोळी नीट लागू पडत नाही.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालक, कोथिंबीर, कोबीचे हिरवे पेले अचानक सुरू करू नयेत आणि अचानक बंदही करू नयेत. त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा हिशेब बिघडतो.

पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्या रसाने कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं (ॲटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन) रक्तातलं प्रमाण वाढतं. खानापूर-चंदगडकडे परसात पपनसाचं झाड असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

किडनीचा आजार असेल तर शहाळं, मोसंबी, टोमॅटो, केळं आणि पालेभाजी यांचे पेले आपल्या मनाने घेऊ नका. त्यातलं पोटॅशियम साठून हृदयाची गती बिघडू शकते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या सोबत असतील तर धोका वाढतो. कापल्यावर चांदणीसारखी फोड होणारं आंबट स्टारफ्रूट किडनीच्या रुग्णाने चाखूसुद्धा नये. त्यातला विषारी घटक किडनीतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम होतो.

मुतखडा होऊन गेला असेल तर कच्चा पालक आणि बीट रोज नको. त्यातल्या ऑक्झलेटने खडा होतो. कधीतरी घ्यायचं झालं तर दह्याबरोबर घ्या, दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं.

सात दिवस फक्त रसावर राहून शरीर स्वच्छ करण्याबद्दल तुमचं मत काय? वजन उतरतं का?
— वाचक, टिळकवाडी

शरीर स्वच्छ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, त्यांना रसाची वाट बघावी लागत नाही. सात दिवसांत काटा खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे. प्रथिनं जवळपास शून्य जातात म्हणून स्नायूही झिजतात. जेवायला लागलात की वजन परत येतं. मधुमेही, गरोदर, वयस्क यांनी तर हे करूच नये. रात्रीच्या जेवणातली एक भाकरी कमी करून तिथे काकडी-ताकाचा एक पेला, हे वर्षभर जमतं आणि उपयोगीही पडतं.

केळ्या-सफरचंदांशिवाय आपल्या भागातल्या वस्तूंच्या काही कृती सांगा.
— वाचक, जांबोटी

तुमच्याकडे तर भांडार आहे.

नाचणीची आंबील. आपली ही जुनीच स्मूदी, आणि तिच्या तोडीचं बाजारात काही नाही. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धा पेला पाण्यात किंवा पातळ ताकात रात्री कालवून ठेवा. सकाळी दीड पेला पाणी उकळा, कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडा आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत ढवळा. कच्चा वास जाऊन तकाकी आली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच एक पेला ताक घाला. गरम असताना घातलं तर ताक फाटतं. मीठ, जिरेपूड, ठेचलेली लसणाची एक पाकळी, कोथिंबीर. कच्चं नाचणीपीठ थेट मिक्सरच्या पेल्यात घालायची हल्ली पद्धत पडलीय ती चुकीची आहे. कच्चं पीठ पचायला जड जातं आणि त्यातल्या जंतूंनी पोट बिघडू शकतं.

आमसूल. तयार कोकम सिरपात निम्म्याहून जास्त साखर असते. त्याऐवजी आठ-दहा आमसुलं दोन वाट्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, हाताने कुस्करा, गाळा, आणखी दोन वाट्या पाणी घाला. सैंधव, जिरेपूड आणि चौघांत मिळून दोन छोटे चमचे गूळ. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, म्हणून चाखल्याशिवाय मीठ घालू नका.

काजूचं बोंड. काजूगर काढून बोंडं शेतातच कुजू देतात याचं वाईट वाटतं. क जीवनसत्त्वात बोंड संत्र्याच्या पुढे आहे. फक्त घशाला खवखवतं, ते त्यातल्या तुरट टॅनिनमुळे. बी आधी पिळून अलगद काढा, तिच्या टरफलातलं तेल ओठाला-हाताला लागलं की भाजतं. झाडाखाली कधीचं पडलेलं नको, त्याच दिवशीचं, न फुटलेलं घ्या. धुऊन, तुकडे करून, झटके देत फिरवा आणि फडक्यातून पिळा. लिटरभर रसाला वाटीभर गार, पातळ भाताची पेज घालून ढवळा आणि न हलवता ठेवा. तासाभरात तुरट अंश पेजेला धरून गाळासारखा तळाशी बसतो. वरचा निवळ रस ओतून घ्या, लिंबू आणि मीठ घालून त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तो आंबायला लागतो.

जांभूळ. बिया हातानेच काढा. मिक्सरात बी चिरडली की सगळा पेला कडू-तुरट होतो. एक वाटी गर, एक वाटी ताक, मीठ. जांभळाने मधुमेह बरा होत नाही, गोळी चालूच ठेवायची.

डाळिंबाचा आणि मोसंबीचा रस घरी कडू होतो. गाडीवाल्याचा होत नाही.
— वाचक, गोकाक

दोन्हीकडे बी फुटते. डाळिंबाचे दाणे झटक्यावर दोन-दोन सेकंद, तीन-चार वेळाच फिरवा. पांढरी बी अख्खी दिसली पाहिजे. मग गाळा आणि चमच्याने दाबून रस काढा. मोसंबी मिक्सरात घालूच नका, आडवी कापून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पिळणीवर पिळा, पांढऱ्या सालीपर्यंत रगडू नका. मोसंबीचा रस काढल्यावर गोड लागतो आणि तासाभराने कडवट होतो, कारण त्यातला एक घटक हवेत नव्हे तर रसातल्याच आंबटपणाने हळूहळू कडू रूप घेतो. म्हणून तो साठवायचा नाही.

याच जातीची आणखी एक अडचण पपई आणि अननस दुधा-दह्यात घातल्यावर येते. या फळांतले पाचक रस दुधातली प्रथिनं तोडतात आणि पेला अर्ध्या तासात कडवट होतो. ते विष नव्हे. फिरवल्याबरोबर प्या, नाहीतर दुधाऐवजी नारळाचं दूध किंवा पाणी वापरा.

सकाळी वेळ नसतो, त्यात लाइटचा भरवसा नाही. रात्री करून ठेवलं तर? द्राक्षांवरची औषधं कशी काढायची?
— शेतकरी कुटुंबातील वाचक, अथणी

करून ठेवण्यापेक्षा तयारी करून ठेवा. केळ्याच्या चकत्या, द्राक्षं, चिकूच्या फोडी ताटात सुट्या पसरून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास ठेवा आणि मग एकेका पेल्याच्या पुड्या करा. आधीच पुडीत भरलं तर एकच ढेकूळ होतं. सकाळी पुडी बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, मग दह्याबरोबर फिरवा. लगेच फिरवलं तर पात्याखालची प्लास्टिकची चकती तुटते. लाइट जाऊन पुड्या पूर्ण सुटल्या तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी वापरा.

तयार रस किंवा स्मूदी ठेवावीच लागली तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, लिंबू पिळा, फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा आणि २४ तासांत संपवा. दूध-दह्याची स्मूदी असताना लाइट चार तासांहून जास्त गेली तर ती ओतून द्या.

द्राक्षं घडातून सुटी करा. लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे खायचा सोडा घालून त्यात १५ मिनिटं ठेवा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालीवरचा अंश निघतो, आत मुरलेला निघत नाही. फवारणीनंतर तोडणीपर्यंतचे दिवस पाळणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि तो बागायतदाराच्याच हातात आहे. पालक-कोथिंबीर मुळं कापून तीन पाण्यांतून धुवा, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी कच्ची फिरवू नका, ती शिजवूनच खा. बर्फही उकळून गार केलेल्या पाण्याचाच.

मुलांना किती द्यावा? सून गरोदर आहे, तिला?
— आजी, संकेश्वर

आजी, वर्षाच्या आतल्या बाळाला रस अजिबात नको. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलि, सात वर्षांपुढच्याला एक पेला, तोही बाटलीतून चोखत नव्हे तर पेल्यातून. सतत चोखल्याने दात किडतात. सुनेला घरी नीट धुऊन केलेलं ताजं द्या, गाड्यावरचं नको. दूध उकळलेलंच वापरा, धारोष्ण नको.

गाजराचा रस काढल्यावर चोथा फेकवत नाही. काय करू?
— गृहिणी, येळ्ळूर

फेकूच नका. पाव किलो गाजर, दीड वाटी पाणी घालून फिरवून पिळलं की वाटी-सव्वा वाटी चोथा उरतो. त्यात एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, तीळ, हिरवी मिरची, ओवा, मीठ. पाणी आधी घालू नका, चोथ्याच्या ओलाव्याने पीठ बरंचसं भिजतं, मग लागेल तसा हबका मारा. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. गाजराचा रंग देणाऱ्या घटकाला अंगी लागायला तेल-तूप लागतं, म्हणून रसापेक्षा या थालीपिठातून तो चांगला मिळतो. चोथा लगेच वापरायचा नसेल तर चपटा करून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. बिटाच्या चोथ्याचंही असंच करा, पण त्यात पीठ थोडं जास्त लागतं, नाहीतर थालीपीठ तव्यावर तुटतं.